चोरी आणि चोराचें मन

आमचा सारा जन्म विद्यार्थ्यांस शब्दरूपें व समास शिकविण्यांत गेला. कायदा हा आमचा विषय नव्हे, आणि इंग्रजीचें आमचें ज्ञान मॅट्रिकच्या परीक्षेस जेवढें लागलें तेवढेंच. तरीही गेल्या पावसाळ्यांत इंग्लंडच्या फौजदारी कायद्यावरील एक जाडजूड ग्रंथ आम्हीं कोश जवळ ठेवून नेटानें वाचून काढला. आमची नात तिकडे वकिलीचा अभ्यास करीत आहे. सुटींत आली तेव्हां तिनें तो ग्रंथ बरोबर आणिला, आणि जातांना सामानाचें वजन फार होतें म्हणून येथेंच ठेवून गेली. त्यांतील चोरीचें प्रकरण आम्हांस इतकें रसाळ वाटलें कीं, त्यांतल्या चार गोष्टी या मासिकाच्या वाचकांस सांगाव्या अशी इच्छा झाली. हा विषय घरांतील बायकामुलांसमोर कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु ज्या घरांत लहान मुलें आहेत, कामाला बाई येते, शेजारीपाजारी पुस्तकें मागून नेतात, त्या घरांत हा प्रश्न रोज कोणत्या ना कोणत्या रूपानें उभा राहतोच.

चोरी म्हणजे दुसऱ्याची वस्तु त्यास न विचारतां नेणें, अशी व्याख्या कोणतेंही शाळकरी मूल करील. पण ती थोडी घांसून पाहावी. कीर्तन आटोपून देवळाबाहेर पडतांना गर्दींत एखादा गृहस्थ दुसऱ्याच्या चपला पायांत सरकवितो व घरीं आल्यावर त्या आपल्या नव्हेत हें त्याच्या ध्यानांत येतें. वस्तु परक्याची, विचारलें कोणालाही नाहीं, आणि नेली तर खरीच. तरी त्यास चोर कोणी म्हणणार नाहीं. म्हणजे हातानें घडलेलें कृत्य तेंच असतां, मनांत काय होतें यावरून तें चोरी कीं चूक हें ठरतें. इंग्रज कायदेपंडित या मनाच्या भागास ‘मेन्स रेआ’ असें लॅटिन नांव देतात. आपण त्यास दोषयुक्त मन म्हणूं. नुसत्या कृत्यानें मनुष्य अपराधी होत नाहीं, त्याचें मनही अपराधी असावें लागतें, हें त्यांच्या फौजदारी कायद्याचें जुनें सूत्र आहे.

इंग्लंड व वेल्स येथें आज चालू असलेला चोरीचा कायदा १९६८ सालचा. त्यापूर्वीं १९१६ चा ‘लार्सनी अ‍ॅक्ट’ होता, आणि त्याच्याही मागें शेंकडों वर्षांच्या निवाड्यांतून वाढलेलें एक अरण्यच होतें. नव्या कायद्याच्या पहिल्याच कलमांत म्हटलें आहे कीं, दुसऱ्याच्या मालकीची मालमत्ता, मालकास तिला कायमचें मुकविण्याच्या उद्देशानें, जो अप्रामाणिकपणें आपलीशी करितो तो चोर. जुन्या सवयीनें आम्हीं या वाक्याचा अन्वय लावून पाहिला. मालमत्ता, परकी मालकी आणि आपलीशी करणें हे तीन अंश बाहेरचे, डोळ्यांस दिसणारे. उरलेले दोन, म्हणजे अप्रामाणिकपणा व कायमचें मुकविण्याचा उद्देश, हे आंतले. लाभाची इच्छा मात्र लागत नाहीं. शेजाऱ्यावरील रागापोटीं त्याचें घड्याळ उचलून विहिरींत टाकणाराही तेथें चोरच. पांचही अंश सिद्ध झाले तर सात वर्षांपर्यंत कारावास. एक जरी ढळला तरी चोरीचा आरोप कोसळतो.

आंतल्या दोहोंपैकीं ‘कायमचें मुकविण्याचा उद्देश’ हा अंश आम्हांस प्रथम केवळ वकिली कीस वाटला. परंतु या एका अंशावर इंग्लंडांत एक असा खटला झाला कीं, त्याची हकीकत वाचतांना आमचा चहा निवून गेला. १९६१ च्या ऑगस्टमध्यें लंडनच्या नॅशनल गॅलरींतून ड्यूक ऑफ वेलिंग्टनचें, गोया नामक स्पॅनिश चित्रकारानें काढिलेलें चित्र नाहींसें झालें. हा वेलिंग्टन म्हणजे १८०३ सालीं असईच्या रणांत मराठ्यांशीं लढलेला आर्थर वेलस्ली. तेव्हां आपल्याकडील इतिहासाच्या पुस्तकांतून त्याची ओळख आहेच. तें चित्र परदेशीं जाऊं नये म्हणून १,४०,००० पौंड देऊन नुकतेंच राष्ट्रासाठीं राखलें होतें. मग निनांवी पत्रें येऊं लागलीं कीं, चित्र सुखरूप आहे; तेवढीच रक्कम धर्मादाय कार्यास द्या, गरिबांच्या दूरचित्रवाणीचा परवाना-कर तींतून भागवूं द्या, म्हणजे चित्र परत मिळेल. रक्कम कोणीं दिली नाहीं. चार वर्षांनीं, १९६५ सालीं, बर्मिंगहॅमच्या रेल्वे स्टेशनांतील सामान-ठेवीच्या खोलींत तें चित्र सांपडलें, पण चौकटीवांचून. कांहीं आठवड्यांनीं केम्प्टन बन्टन नांवाचा न्यूकॅसलकडील एक साठीचा निवृत्त बसचालक आपण होऊन पोलिसांत हजर झाला व मीच तें नेलें असें म्हणाला.

त्यानें कबूल केलें, वस्तु राष्ट्राची, किंमत लाखांत. आतां उरलें काय, असें आपणांस वाटेल. पण त्याच्या वकिलानें ज्यूरीपुढें इतकेंच मांडलें कीं, चित्र ठेवून घेण्याचा या माणसाचा विचार केव्हांही नव्हता, पहिल्यापासून परत करण्याचाच होता. आणि १९१६ च्या कायद्याप्रमाणें नेतांना कायमचें मुकविण्याचा उद्देश असला तरच चोरी. ज्यूरीनें चित्राच्या चोरींतून त्यास मोकळें केलें. चौकट मात्र त्यानें परत केली नव्हती. तेवढ्या चौकटीच्या चोरीबद्दल त्यास तीन महिन्यांची शिक्षा झाली! मोत्यांचा हार नेल्याबद्दल निर्दोष आणि डबी हरविल्याबद्दल दोषी, असा हा प्रकार. हंसूं आल्यावांचून राहत नाहीं. पण हंसून झाल्यावर विचार करितां त्या बारा जणांनीं कायद्याचें अक्षर अगदीं बरोबर वाचलें होतें असेंच म्हणावें लागतें. पुढें १९६८ च्या कायद्यांत लोकांसाठीं खुल्या असलेल्या इमारतींतून प्रदर्शनास मांडलेली वस्तु काढून नेणें हा एक निराळाच गुन्हा अकराव्या कलमानें निर्माण केला, तो या बन्टनच्या स्मरणार्थच म्हणाना! त्यांतही अधिक गमतीची गोष्ट अशी कीं, त्याच्या मुलानें १९६९ सालींच पोलिसांजवळ ‘चित्र मीं नेलें, वडिलांनीं नव्हे’ असें सांगितलें होतें, आणि तीं कागदपत्रें २०१२ सालीं उघड झालीं.

आमच्या देशांत हा बचाव क्षणभरही टिकला नसता. १८३७ सालीं मेकॉलेच्या मंडळानें ज्याचा मसुदा केला व १८६० सालीं जो संमत झाला, त्या दंडविधानांत ‘कायमचें’ हा शब्दच नाहीं. मनुष्याच्या ताब्यांतून जंगम वस्तु त्याच्या संमतीवांचून अप्रामाणिकपणें काढून घेण्याच्या हेतूनें हालविली कीं चोरी झाली. अप्रामाणिकपणें म्हणजे कोणास गैर लाभ किंवा कोणास गैर हानि करण्याच्या इराद्यानें. २०२३ च्या भारतीय न्याय संहितेनें तें जुनें विधान १ जुलै २०२४ पासून बाजूस सारलें, पण ३०३ व्या कलमांत व्याख्या तीच ठेविली. वस्तु नेऊन, परत करण्यासाठीं बक्षीस मागण्याच्या हेतूनें ती अडकवून ठेवणारा चोर, असें उदाहरणच त्यांत दिलेलें आहे. १९५२ सालीं जोधपूरच्या वायुदलाच्या विद्यालयांतील दोघा विद्यार्थ्यांनीं एक विमान परवानगीवांचून उडविलें व तें सीमेपलीकडे नेऊन उतरविलें. तेवढ्यापुरतें वापरलें, ठेवून घ्यावयाचें नव्हतें, हें त्यांचें म्हणणें आमच्या सर्वोच्च न्यायालयानें १९५७ सालीं मान्य केलें नाहीं. तात्पुरतें मुकविणेंही पुरेसें आहे असा निर्णय दिला. राज्य एका बेटावर बसून जगाचे कायदे करणाऱ्यांनीं आमच्यासाठीं घरच्याहून अधिक कडक व्याख्या कां घडविली असावी, यावर वाचकांनीं आपापल्या परीनें विचार करावा.

तथापि त्याच कलमाखालीं मेकॉलेनें दुसरेंही एक उदाहरण दिलें आहे, आणि तें पुस्तकें बाळगणाऱ्या प्रत्येक गृहस्थानें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. स्नेह्याच्या गैरहजेरींत त्याच्या पुस्तकांच्या खोलींत जाऊन, वाचून परत करावयाच्या बुद्धीनें एखादें पुस्तक नेलें, तर स्नेहामुळें त्याची मूक संमति आहे असें नेणारास वाटलें असण्याचा संभव आहे. तसें वाटलें असेल तर ती चोरी नव्हे. आमच्या संग्रहांतून अशा मूक संमतीनें गेलेलीं पुस्तकें दोन फळ्या भरतील. नेणारे सारे अद्यापि वाचीतच असावेत.

इंग्रजी कायद्यांत हा ‘कायमचा’ शब्द राहिला खरा. पण जेथें तो फारच अडचणीचा झाला तेथें त्यांनीं भोंवतीं ठिगळें लाविलीं. दुसऱ्याची मोटर हौसेखातर फिरवून रस्त्यांत सोडून देणें ही चोरी नव्हे, म्हणून तेवढ्यासाठीं बारावें कलम. उसनी घेतलेली वस्तु तिच्यांतील सत्त्व निघून गेल्यावर परत करणें, जसें नाटकाचें तिकीट खेळ संपल्यावर परत देणें, हें कायमचें घेण्यासारखेंच मानावें, असा सहाव्या कलमाचा आशय. आणि पैसा? येथें न्यायाधीश कडक आहेत. एका मनुष्यानें आपल्या कंपनीच्या तिजोरींतून १,०५० पौंड काढून मित्रास दिले. मित्र फेडील तेव्हां परत ठेवावयाचे, असें तो म्हणाला. १९८९ च्या निवाड्यांत वरिष्ठ न्यायालयानें सांगितलें कीं, त्याच नोटा परत ठेवण्याचा त्याचा विचार नव्हता, दुसऱ्या ठेवणार होता. तेव्हां त्या नोटांना त्यानें मालकास कायमचें मुकविलेंच. तुपाचा डबा उसना नेणारी शेजारीण तेंच तूप परत आणीत नाहीं, तद्वत्! तर्क बिनतोड आहे. पण बिनतोड तर्क ऐकून समाधान होतेंच असें नाहीं.

याच्या अगदीं उलट टोंकाचा एक खटला वाचून मात्र आमच्यांतला मास्तर खवळला. १९७६ सालीं लिव्हरपूल विद्यापीठांतील एका विद्यार्थ्याच्या हातीं परीक्षेची प्रश्नपत्रिका आधींच लागली. कागद ठेवून घेण्याचा त्याचा मुळींच विचार नव्हता. वाचावयाचा व जागच्या जागीं ठेवावयाचा. तेव्हां कागदाची चोरी होत नाहीं. म्हणून त्या कागदावरील गुप्त माहितीची चोरी केली असा आरोप ठेविला. न्यायालयानें म्हटलें, माहिती ही मालमत्ताच नव्हे, तेव्हां तिची चोरी कशी होणार? सुटला. ‘ऑक्सफर्ड विरुद्ध मॉस’ असें त्या खटल्याचें नांव आहे. तें ऑक्सफर्ड विद्यापीठ नव्हे, फिर्यादी पक्षाचें आडनांव आहे. आमच्या मतें विद्या ही चोरांस नेतां न येणारें धन आहे हें आपण मुलांस घोकवितों त्याला इंग्रज न्यायाधीशांनीं भलत्याच ठिकाणीं अनुमोदन दिलें!

आतां दुसरा अंश, अप्रामाणिकपणा. खरी मौज आणि खरी अडचण येथें आहे. १९६८ च्या कायद्यानें या शब्दाची व्याख्या केली नाहीं. केवळ तीन ठिकाणीं मनुष्य अप्रामाणिक नाहीं एवढें सांगितलें. वस्तूवर कायद्यानें माझा हक्क आहे असें ज्यास मनापासून वाटतें तो. मालकास ही परिस्थिति कळली असती तर त्यानें संमति दिलीच असती असें ज्यास वाटतें तो. आणि वाजवी खटपट करूनही मालक सांपडणार नाहीं असें ज्यास वाटतें तो. वाटणें खोटें असलें तरी चालेल, मात्र तें मनापासून असलें पाहिजे. उलट पक्षीं, पैसे टाकून वस्तु नेली एवढ्यानेंच मनुष्य प्रामाणिक ठरत नाहीं, हेंही त्याच कलमांत आहे. विकावयाची नसलेली वस्तु उचलून तिची किंमत मेजावर ठेवून जाणाऱ्या श्रीमंतांस हा टोला आहे. जातां जातां सांगावयाचें म्हणजे, रानांत आपोआप उगवलेलीं फुलें, फळें, अळंबीं विक्रीसाठीं नव्हे तर स्वतःसाठीं खुडलीं तर ती तेथें चोरी नव्हे. मनूनेंही झाडांचीं कंदफळें, अग्निहोत्राचीं लांकडें व गाईसाठीं गवत हीं चोरींतून वगळलीं आहेत. परंतु भल्या पहाटे दुसऱ्याच्या कुंपणांतून हात घालून पूजेसाठीं जास्वंदी तोडणाऱ्या मंडळींनीं या दोन्ही वचनांचा आधार घेऊं नये. तीं फुलें रानचीं नव्हेत, लाविलेलीं आहेत. आणि लावणारीनें त्यांना पाणी घातलें आहे.

या तीन ठिकाणांपलीकडे अप्रामाणिकपणा ठरवावा कोणीं? १९७३ सालच्या एका अपिलांत शर्यतींच्या पैजा घेणाऱ्या दुकानाचा एक व्यवस्थापक होता. गल्ल्यांतून पैसे उसने घेऊं नयेत असें मालकांनीं सर्वांस लेखी कळविलें असतांही त्यानें तीस पौंडांच्या आसपास रक्कम घेतली. ती फेडणार होतों, आणि मालकाकडूनच मला सत्तर पौंडांच्या जवळपास येणें होतें, असें तो म्हणाला. खालच्या न्यायाधीशानें याकडे लक्ष देऊं नका असें ज्यूरीस सांगितलें. वरच्या न्यायालयानें ती शिक्षा रद्द केली. प्रामाणिकपणा हा कायद्याचा पारिभाषिक शब्द नव्हे, तो रोजच्या व्यवहारांतला शब्द आहे, आणि सामान्य सज्जनांच्या चालू मापानें ज्यूरीनेंच तो मोजावा, असा निर्णय झाला.

हें माप पुढें दोनदां बदललें. १९८२ सालीं घोष आडनांवाच्या एका शल्यवैद्याच्या खटल्यांत न्यायालयानें दोन पायऱ्या घातल्या. सामान्य सज्जनांच्या मापानें कृत्य अप्रामाणिक आहे काय, ही पहिली. आणि त्यांच्या मापानें तें अप्रामाणिक ठरतें हें आरोपीच्या ध्यानांत होतें काय, ही दुसरी. ज्या देशांत सार्वजनिक वाहनांस भाडेंच नाहीं अशा देशांतून आलेला परका मनुष्य लंडनच्या बसमध्यें तसाच चढतो व उतरतो. त्याच्या मनांत लबाडी कोठें आहे, असें उदाहरणही त्यांनीं दिलें. रॉबिन हुडाचें काय, असा प्रश्न तेव्हांच निघाला. श्रीमंतांस लुटून गरिबांस देणें त्यास योग्य वाटे. न्यायालयाचें उत्तर असें कीं, स्वतःला योग्य वाटे हें खरें, पण लोक त्यास अप्रामाणिक म्हणतात हें तो जाणून होता, तेव्हां दोषीच. आमच्या मृच्छकटिकांतला शर्विलक या जातीचा. जानव्यानें भिंतीचें माप घेऊन भोंक पाडणारा तो ब्राह्मण चोर, प्रेमासाठीं चोरी करितो आणि तीस निंद्य म्हणतात हेंही पुरतें जाणतो.

पण ज्यास खरोखरच जाणीव नाहीं त्याचें काय? ज्याची नीति जितकी वांकडी तितकी त्यास सूट अधिक, असा अर्थ निघूं लागला. अखेर २०१७ सालीं त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानें दुसरी पायरी काढून टाकिली, आणि तीही एका जुगाऱ्याच्या दिवाणी दाव्यांत. फिल आयव्ही हा नामांकित जुगारी २०१२ सालीं लंडनच्या एका क्लबांत सत्त्याहत्तर लाख पौंडांच्या आसपास जिंकला. पत्त्यांच्या पाठीवरील नक्षी दोन्ही कडांस किंचित् निराळी होती. आम्ही शकुन पाहतों असें भासवून त्याच्या जोडीदारणीनें पत्ते वांटणारणीकडून मोठीं पानें उलट दिशेस फिरवून घेतलीं. पुढें पाठीवरूनच पान ओळखतां येऊं लागलें. क्लबानें पैसे नाकारले, त्यानें दावा लाविला. मी पानांस हातही लाविला नाहीं, ही लबाडी नव्हे, कौशल्य आहे, असें तो शपथेवर म्हणाला, आणि त्यास तसें वाटत होतें हें न्यायाधीशांनींही मान्य केलें. तरी तो हरला. आरोपीस वस्तुस्थिति काय आहे असें वाटत होतें तें आधीं पाहा. तें ठरल्यावर त्याचें कृत्य प्रामाणिक कीं अप्रामाणिक हें सामान्य सज्जनांच्या मापानें ठरवा. त्या मापाशीं त्याचें स्वतःचें मत जुळतें कीं नाहीं हें विचारूं नका. हेंच माप फौजदारी खटल्यांसही लागू, असें २०२० सालीं अपील न्यायालयानें पक्कें केलें.

न्यायालयांस हें माप सोईचें आहे, यांत संशय नाहीं. आमच्या मनास मात्र महाभारताच्या शांतिपर्वांतील शंखलिखितांची कथा या ठिकाणीं सोडीना. बाहुदा नदीच्या कांठीं हे दोघे भाऊ निरनिराळ्या आश्रमांत राहत. शंख बाहेर गेला असतां धाकटा लिखित त्याच्या आश्रमांत आला व झाडाचीं पिकलीं फळें तोडून खाऊं लागला. भाऊ परत येऊन विचारतो, फळें कोठलीं? लिखित हंसत सांगतो, येथलींच. शंख म्हणतो, न विचारतां घेतलींस, ही चोरी झाली. राजाकडे जा आणि दंड माग. लिखित सुद्युम्न राजाकडे जातो. राजा क्षमा करावयास तयार असतां तो हट्टानें दंड घेतो आणि दोन्ही हात तोडवून परत येतो. पुढें त्याच बाहुदेंत स्नान करून तर्पणास बसला असतां हात पुन्हां उगवतात. इंग्रजी कायद्यापुढें हा खटला उभाच राहता ना. सख्ख्या भावाची संमति असती असें त्यास मनापासून वाटलें होतें. त्याचें तें हंसणें हाच त्याचा पुरावा. पण आमच्या कथाकारास न्यायालयाचें काम करावयाचेंच नव्हतें. लिखितानें स्वतःस कोणत्या मापानें मोजलें, हें त्यास सांगावयाचें होतें. तें माप दुसऱ्यानें लावावयाचें नव्हे, एवढें मात्र आम्हांस या कथेवरून कळतें. शंखानें राजाकडे जा म्हटलें. हात त्यानें स्वतः तोडले नाहींत.

दुसऱ्यास मापावयाची वेळ आमच्यावरही एकदां आली होती. १९९७ सालीं आम्ही ज्या शाळेंत होतों तेथील एका लेखनिकानें शनिवारीं सायंकाळीं फीच्या पेटींतून बाराशें रुपये काढिले. पत्नीस रुग्णालयांत दाखल करावयाचें होतें, बँक दुपारींच बंद झालेली, मुख्याध्यापक परगांवीं. पेटींत त्यानें आपल्या सहीची चिठ्ठी ठेविली, ‘घेतले, सोमवारीं भरतों.’ सोमवारीं तो साडेअकरास पैसे घेऊन आला. पण हिशेबतपासनीस दहासच येऊन बसला होता व पेटी उघडली गेली होती. चौकशीस पांच जणांची समिति नेमली. अध्यक्ष एक डॉक्टर, एक वकील, गांवांतील एक किराणा दुकानदार, मुख्याध्यापक आणि शिक्षकांतर्फे आम्ही. पांचही जण सामान्य म्हणा, सज्जन म्हणा. इंग्रज न्यायाधीशानें निवडून घेतले असते असे.

वकिलांनीं कायदा सांगितला, आणि तो बिनचूक सांगितला. पेटी त्याच्याच ताब्यांत होती, तेव्हां आमच्या कायद्यानें ही चोरी नव्हे, अपहार होतो. आणि तात्पुरता अपहार हाही अपहारच असें दंडविधानांत स्पष्ट आहे. त्यांत अप्रामाणिकपणा लागतो, असें आम्ही म्हणालों. ‘मुलांची फी आहे, मास्तर,’ असें डॉक्टरांनीं शांतपणें उत्तर दिलें. दुकानदार पहिला अर्धा तास कांहींच बोलले नाहींत. मग म्हणाले, ‘पंचवीस वर्षें गल्ल्यावर बसलों. गल्ल्यांत हात घालणारे पुष्कळ पाहिले; हात घालून सहीची चिठ्ठी ठेवणारा एकही पाहिला नाहीं.’ राहिले मुख्याध्यापक. लेखनिकाचें सारें म्हणणें त्यांच्यावर येऊन थांबत होतें. साहेब असते तर नाहीं म्हणाले नसते, असें त्यानें जबाबांत लिहून दिलें होतें. आम्हीं त्यांस तसें विचारलें. ते म्हणाले, ‘दिले असते. घरून आणून दिले असते. म्हणूनच त्यानें वाट पाहिली नाहीं हें मला लागलें.’ आणि त्यांनीं विरुद्ध मत दिलें.

तीन विरुद्ध दोन. ठरावांत ‘अपहार’ हा शब्द पडला. तो पडूं नये, ‘नियमभंग’ असावा, एवढ्यासाठीं आम्हीं व दुकानदारांनीं भिन्नमताचा कागद जोडला, तो दप्तरांत असेल. पोलिसांपर्यंत गोष्ट नेली नाहीं. लेखनिकानें राजीनामा दिला. त्या तिघांपैकीं कोणीही वाईट मनुष्य नव्हता, आणि सामान्य सज्जनांचें माप एकच असतें असें लंडनच्या न्यायाधीशांनीं इतक्या विश्वासानें लिहिलेलें वाचतांना आम्हांस ती खोली, ती पेटी व टेबलावरील ती चिठ्ठी आठवत राहिली.

पुढच्याच महिन्यांत दुकानदारांनीं त्या लेखनिकास आपल्या पेढीवर हिशेब लिहावयास ठेविलें, आणि वर्षभरांत गल्ल्याची किल्लीही त्याच्याकडे गेली. मुख्याध्यापक वाणसामान त्याच दुकानांतून नेत असत. मोड परत घेतांना त्यांनीं ती एकदांही मोजली नाहीं, असें दुकानदार आम्हांस सांगत.